यंत्र पुसण्यापूर्वीं

या वार्षिकासाठीं लेख गोळा करीत असतां एका विद्यार्थ्यानें घरीं टंकलेला निबंध आम्हीं शाळेच्या लिनक्स संगणकावर उघडला. पडद्यावर मराठीचें एकहि अक्षर नव्हतें. रोमन अक्षरांची व चिन्हांची नुसती रास होती. भोंवतालच्या मुलांनीं तत्काळ निकाल दिला, "संगणक बिघडला, सर्व पुसून नवी प्रणाली घाला." हा निकाल आम्हांस मान्य नाहीं, आणि तो कां मान्य नाहीं, हें पालकांसहि कळावें म्हणून हा लेख.

संगणक बिघडला नव्हता. जुन्या पद्धतीच्या पुष्कळ मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी आकार बसविलेले असतात. तो फॉन्ट ज्या यंत्रावर नाहीं, तेथें आकार जातो व खालचें रोमन चिन्ह उघडें पडतें. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोडनें देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक दिला. 'क' चा क्रमांक २३२५, मग यंत्र कोणतेंहि असो. तेव्हां उपाय सोपा होता. मूळ फॉन्टचें नांव पाहिलें, परिवर्तकानें मजकूर युनिकोडमध्यें आणिला, जोडाक्षरें तपासलीं, आणि निबंध त्याच दिवशीं वाचतां आला.

डॉ. विल्यम कॅरे यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं बंगालमधील श्रीरामपूर येथें छापलें गेलें. त्यांतील देवनागरी अक्षरें आजहि कोणासहि वाचतां येतात. आमच्या मुलाचा निबंध मात्र घरून शाळेंत येतांना मुका व्हावा, ही खेदाची गोष्ट होय. म्हणून यापुढें सर्वांनीं युनिकोडमध्यें लिहावें.

इंटरनेट बंद पडलें असतांहि हीच शोधाची रीत उपयोगी पडते. येरळेच्या कांठीं राहणाऱ्या आपणां वडूजकरांस पाण्याची किंमत सांगावयास नको. वाफ्यांत पाणी आलें नाहीं म्हणून कोणी शेतकरी विहीर बुजवीत नाहीं. तो पाटाच्या कडेनें चालत जातो व पाट कोठें फुटला तें पाहतो. तसेंच येथें करावें. प्रथम तार नीट बसली आहे कीं नाहीं तें पहावें. मग संगणकास आयपी पत्ता मिळाला आहे काय, तें पहावें. नंतर 'पिंग' या आज्ञेनें राउटरला हांक द्यावी. पुढें बाहेरच्या एखाद्या यंत्रास त्याच्या अंकी पत्त्यानें, व शेवटीं नांवानें. अंकानें ओ मिळते, पण नांवानें मिळत नाहीं, तर पाट शाबूत आहे. नांवावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सेवेकडे दोष शोधावा. कांहीं यंत्रें मुद्दामच ओ देत नाहींत, म्हणून एकाच्या मौनावरून निकाल करूं नये. ही आज्ञा माइक मूस यांनीं १९८३ च्या डिसेंबरांत अशाच एका अडलेल्या जाळ्याचा दोष शोधतांना लिहिली.

पालक म्हणतील, "परीक्षा जवळ आली; दुकानदार तासाभरांत सर्व नवें करून देतो. मुलांनीं वेळ कां दवडावा?" यांत तथ्य आहे; कधीं कधीं प्रणाली नव्यानें घालणेंच योग्य ठरतें. परंतु तें अखेरचें पाऊल होय, व तेंहि आपलें काम दुसरीकडे उतरवून ठेवल्यावर. घाईनें पुसल्यास दोषाचें कारण कळत नाहीं, म्हणून तो पुन्हां येतो. आणि मुलाचें वर्षाचें लिखाण मात्र कायमचें जातें.

विद्यार्थीमित्रहो, संगणक जो दोष-संदेश दाखवील तो जसाच्या तसा वहींत उतरा. एका वेळीं एकच बदल करा, व त्याचें फळ काय झालें तें लिहा. या वर्षीं प्रत्येक वर्गानें अशी एक वही प्रयोगशाळेंत ठेवावी, अशी आमची सूचना आहे. दहा नाण्यांपैकीं एक हरविलेल्या स्त्रीचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकिला आहे. तिनें घर पाडलें नाहीं. दिवा लाविला, केर काढला, आणि नाणें सांपडेपर्यंत धीर सोडला नाहीं. आपणहि तसेंच करावें.