फिली उसळला, फसला नाही

धूमकेतूवर उतरलेल्या पहिल्या यानाचा विषय निघाला की एक शेरा हमखास ऐकू येतो. उतरलं खरं, पण आपटून उडालं, भलत्याच कपारीत जाऊन पडलं आणि अडीच दिवसांत बंद पडलं. खरं काम केलं ते वर घिरट्या घालणाऱ्या रोझेटा या मातृयानाने. खालचा फिली म्हणजे एक हृद्य अपयश. चांगले जाणकारही हे बोलतात. मला ते साफ चुकीचं वाटतं.

आक्षेपामागची हकिकत आधी पुरती सांगायला हवी, कारण ती खरी आहे. १२ नोव्हेंबर २०१४. उतरण्याच्या आदल्या रात्रीच्या तपासणीत कळलं होतं की टेकल्यावर यानाला खाली दाबून धरणारा वायूचा झोत चालू होत नाही. तरीही सोडायचं ठरलं. रोझेटापासून सुटलेला फिली सुमारे साडेबावीस किलोमीटरचं अंतर सात तासांत उतरला आणि सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने ६७पी चुर्युमोव्ह-गेरासिमेंको या धूमकेतूवर टेकला. पृथ्वीवर शंभर किलो भरणाऱ्या या यानाचं तिथलं वजन काही ग्रॅम. म्हणूनच त्याला जमिनीशी जखडायला दोन हार्पून दिले होते. ते सुटलेच नाहीत. यान उसळलं, जवळपास किलोमीटरभर वर गेलं, वाटेत एका कड्याला घासलं, पुन्हा टेकलं, पुन्हा उडालं आणि पहिल्या स्पर्शानंतर दोन तासांनी एका कड्याच्या सावलीत तिरपं अडकलं. तिथे धूमकेतूच्या १२.४ तासांच्या दिवसात जेमतेम दीड तास ऊन. सौर पट्ट्या उपाशी राहिल्या. ड्रिलने काढायची माती विश्लेषणाच्या भट्टीपर्यंत पोचलीच नाही. हे नुकसान मोठं होतं आणि यातलं एकही वाक्य मी खोडणार नाही.

खोडायचा आहे तो यातून काढलेला निष्कर्ष. यान ठरल्या जागी खिळून राहणं हे साधन होतं. साध्य होतं धूमकेतूच्या पृष्ठभागाविषयी प्रत्यक्ष स्पर्शाने काही कळणं. ते कळलं की नाही, एवढंच तपासायला हवं.

पहिल्या स्पर्शात धूळ उडाली आणि यानाच्या तळाशी असलेल्या नळ्यांत शिरली. पाय टेकल्याची नोंद होताच उपकरणांनी आपापला कार्यक्रम सुरू करायचा, अशी आज्ञावली आधीच भरलेली होती. त्यामुळे स्पर्शानंतर सुमारे पंचवीस मिनिटांनी कोसॅक या उपकरणाने त्या धुळीचा ‘वास’ घेतला, तेव्हा फिली पहिल्या उसळीत अधांतरी होता! त्या एका मोजणीतून सोळा सेंद्रिय संयुगांची यादी निघाली. मिथाइल आयसोसायनेट, अ‍ॅसिटोन, प्रोपिओनाल्डिहाइड आणि अ‍ॅसिटामाइड ही चार त्याआधी कोणत्याही धूमकेतूवर आढळली नव्हती.

आता जमिनीचंच पाहा. पहिल्या जागी वर सैल, रवाळ थर निघाला. शेवटच्या जागी म्यूपस या उपकरणाच्या हातोड्याची ताकद टप्प्याटप्प्याने वाढवत नेली, तरी कांब आत गेली नाही. तिथला थर बर्फासारखा कडक होता. मधली जागा कुठे आहे हे बरीच वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. रोझेटाची छायाचित्रं आणि फिलीच्या चुंबकमापकाच्या नोंदी ताडून पाहत संशोधकांनी ती शोधली आणि २०२० मध्ये जाहीर केली. तिथे फिलीने जवळपास दोन मिनिटं धडपडत एका धोंड्यात पाव मीटर खोल ठसा उमटवला होता आणि आतलं साडेचार अब्ज वर्षांचं बर्फ उघडं पाडलं होतं. त्या ठशाच्या खोलीवरून कळलं की धोंड्याचा गाभा कॉफीवरच्या फेसाहून भुसभुशीत आहे. तीन जागा आणि तीन वेगळी उत्तरं. हार्पून चालले असते तर एकच उत्तर मिळालं असतं, आणि तेवढ्यावरून आपण अख्ख्या धूमकेतूचं वर्णन करून बसलो असतो. धूमकेतूला स्वतःचं चुंबकत्व नाही हे इतक्या ठामपणे सांगता आलं तेही मोजणी वेगवेगळ्या ठिकाणी आणि उंचीवर झाली म्हणूनच.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं योगायोगाने पदरात पडलं, त्याचं श्रेय कसलं? उसळी योगायोगाची होती. पण स्पर्श होताच उपकरणं आपोआप चालू होणं हा योगायोग नव्हता. सूर्य मिळाला नाही तरी सुमारे साठ तास पुरेल अशी बॅटरी सोबत देणं हाही नव्हता. कोलोनच्या नियंत्रण कक्षातल्या मंडळींना आपलं यान नक्की कुठे पडलंय ते माहीत नव्हतं. तरी उरलेल्या विजेत कोणतं उपकरण आधी चालवायचं आणि यान कलंडण्याचा धोका असलेलं कोणतं मागे ठेवायचं, याचे निर्णय त्यांनी घेतले. बॅटरी संपत आली असताना यानाचं धड चार सेंटिमीटर उचलून ३५ अंशांनी फिरवलं, पुढेमागे जास्त ऊन मिळावं म्हणून. पहिल्या टप्प्यातलं ऐंशी टक्के काम या अवस्थेत पुरं झालं. मला या मोहिमेतला सर्वांत मोठा पराक्रम हाच वाटतो.

‘वरून सगळं झालंच असतं’ हा दुसरा आक्षेप. रोझेटाचं ऋण मोठं आहे. ६७पीच्या पाण्यातलं जड हायड्रोजनाचं प्रमाण आपल्या समुद्राच्या तिपटीहून जास्त आहे, हे तिनेच मोजलं. ग्लायसीन हे अमिनो आम्लही तिलाच सापडलं. पण धूमकेतूच्या पोटात काय आहे, याचं उत्तर देणाऱ्या कॉन्सर्ट या प्रयोगाला दोन टोकं लागत होती. एक रेडिओयंत्र रोझेटावर, दुसरं फिलीवर आणि मधून जाणाऱ्या लहरी. त्यातून कळलं की फिली पडला तिथला भाग ७५ ते ८५ टक्के पोकळ आहे. खाली कुणीच नसतं तर हा प्रयोग झालाच नसता.

खर्चाचाही मुद्दा आपल्याकडे निघतो. फिली उतरला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंगळयान ४५० कोटी रुपयांत मंगळाभोवती पोचलं होतं, रोझेटाला १.४ अब्ज युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने दहा हजार कोटींहून अधिक लागले. मंगळयानाचा अभिमान मलाही आहे. पण ते दहा महिन्यांत एका मोठ्या ग्रहापाशी गेलं. रोझेटाला पृथ्वीचे तीन आणि मंगळाचा एक असे गुरुत्वाकर्षणाचे चार हिसके घेत दहा वर्षं प्रवास करून, जेमतेम चार किलोमीटर लांबीच्या वेड्यावाकड्या गोळ्याला गाठायचं होतं आणि दोन वर्षं त्याच्यासोबत राहायचं होतं. ही तुलना मुळात होत नाही.

अपयशाला अपयश म्हणायला मी कचरत नाही. २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा ‘विक्रम’ हा लँडर चंद्रावर आदळला, पृष्ठभागावरून एकही मोजमाप आलं नाही. त्याचं अलगद उतरणं फसलं, असंच म्हणायला हवं. फिलीची दहाही उपकरणं कमीअधिक चालली. दोघांना एकच शब्द लावणं दोघांवरही अन्याय आहे.

हा वाद शब्दांपुरता नाही. फिलीनंतर धूमकेतूवर उतरून काम करणारं दुसरं यान कुणीही पाठवलेलं नाही. याच ६७पीवरून नमुने आणू पाहणारी नासाची सीझर मोहीम २०१९ मध्ये अंतिम फेरीत मागे पडली. युरोपचं येऊ घातलेलं कॉमेट इंटरसेप्टर धूमकेतूच्या जवळून निघून जाणार आहे, उतरणार नाही. अशा वेळी ‘मागच्या वेळी फसलं होतं’ हे वाक्य पुढच्या प्रस्तावाच्या मुळावर येऊ शकतं. फिलीच्या उसळ्यांनी तर उलटा रस्ता दाखवला आहे. २०१८ मध्ये जपानच्या हायाबुसा-२ सोबत गेलेला मॅस्कॉट हा जर्मन-फ्रेंच डबा र्‍युगू या लघुग्रहावर मुद्दाम उड्या मारत सतरा तास मोजमापं घेत राहिला. धूमकेतूवरचं पुढचं यान तसंच असावं: जखडून न बसणारं, तीन-चार जागी टेकणारं, आणि पहिल्या स्पर्शापासून मोजायला लागणारं.