हार, अंगठे आणि मोट

पुण्याहून नाशिककडे निघालं की मंचरनंतर कळंब लागतं आणि पुढे नारायणगाव. आपण मिसळ खाऊन पुढे सटकतो! पण विठाबाई नारायणगावकरांच्या नावात हेच गाव आहे. तमाशाचा फड आजोबांनी, नारायण खुडे यांनी उभा केला, वडील आणि चुलत्यांनी चालवला, आणि नातीने तो महाराष्ट्रभर गाजवला. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. २००२ मध्ये त्या गेल्या. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं.

आता आपल्या घरी बघा. आजोबांच्या फोटोला वर्षातून एकदा हार. लेकीने चित्र काढलं की फॅमिली ग्रुपवर टाकायचं, वीस अंगठे मिळाले, विषय संपला. दोन्ही फोल्डर वेगळे, मधे लिंकच नाही!

नातवंडांनी आजोबांचाच धंदा करावा असं मी म्हणत नाहीये. विठाबाईंच्या वाट्याला कलेबरोबर हालही आलेच. पण आजोबा काय करायचे, हे तरी पोरांना कळायला नको?

माझं मत साधं आहे. पुढच्या शनिवारी गावी जाल तेव्हा पोरीला पणजोबांची मोट काढायला सांगा. ती चुकेल. मग आजीला विचारा, बैल कुठे उभे राहायचे, नाडा कुठून जायचा. आजी सांगेल, पोरगी खोडून पुन्हा काढेल. मागे तारीख टाका. हे सांगणारी माणसं आहेत तोवर हे करून घ्या. गूगलवर मोट सापडेल हो, आपल्या पणजोबांची नाही सापडणार.