अंगठा नको, नकाशा द्या

झोपडपट्टी पुनर्वसनात रहिवाशांचा सहभाग घेतला, असं सांगितलं जातं तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो: घरोघर फिरून संमतीपत्रावर सह्या आणि अंगठे घेतले. इमारत किती मजली, दोन इमारतींमध्ये अंतर किती, पाण्याची टाकी केवढी, लिफ्ट बंद पडली तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार, हे एक तर आधीच ठरलेलं असतं किंवा नंतर ठरणार असतं. सही मात्र आज हवी असते. मोबाइलवर काहीही न वाचता 'मान्य आहे' हे बटण दाबतो, तसंच हे. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे ते बटण कशासाठी असतं हे मला ठाऊक आहे. ते वापरणाऱ्याचं मत विचारायला नसतं. उद्या त्याने तक्रार केली तर 'तुम्हीच हो म्हणालात' असं त्याला सुनावायला असतं.

भोसरीत हा प्रश्न पुस्तकी नाही. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. या पट्ट्यात कारखाने आले आणि त्यांच्या मागे मराठवाडा, सोलापूर, विदर्भ, उत्तर प्रदेशातून माणसं आली. कारखान्याला प्लॉट मिळाला, कामगाराला मिळाला नाही. बालाजीनगर, लांडेवाडी, शांतीनगर, गवळीमाथा अशा वस्त्यांमधली घरं त्याने स्वतःच पत्रा-पत्रा जोडून उभी केली. पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी २००५ मध्ये वेगळं झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण झालं. जमिनीचे भाव पाहता आज ना उद्या प्रत्येक वस्तीत कोणीतरी फाइल काखोटीला मारून येणारच आहे. ती फाइल कोण वाचणार, एवढाच प्रश्न आहे.

'फुकट घर मिळतंय, वर प्रश्न कसले विचारता?' हे वाक्य मी ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकलं आहे आणि जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेरही. ते म्हणणारे बरेचजण सोसायटीत राहतात. त्यांनी आपल्या सोसायटीचे नियम काढून बघावेत. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासासाठी कलम ७९-अ खाली ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे. आधी सर्वसाधारण सभा. मग सभासदांनीच नेमलेला वास्तुविशारद किंवा सल्लागार. मग प्रकल्प अहवाल, त्यावर सभासदांच्या सूचना, मग निविदा. विकासक निवडायच्या सभेला निबंधकांचा अधिकारी हजर आणि सभेचं व्हिडिओ चित्रीकरण. म्हणजे फ्लॅटवाल्याला आधी माहिती आणि नंतर सही, तर झोपडीवाल्याकडून आधी सही. दोघांचंही घरच पाडलं जाणार आहे. मग नियमांत एवढा फरक का? फ्लॅटवाल्याला मालक समजलं जातं आणि झोपडीवाल्याला लाभार्थी, म्हणून. आणि लाभार्थ्याने प्रश्न विचारायचे नसतात, फोटोत हसायचं असतं.

दुसरा आक्षेप वेळेचा. लोकांना विचारत बसलं तर प्रकल्प रखडतो म्हणे. मग निगडीत काय झालं ते सांगा. जेएनएनयूआरएम योजनेत सेक्टर २२ मध्ये ११,७६० सदनिकांचा मोठा प्रकल्प आखला गेला. तिथली काही जमीन देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीच्या रेड झोनमध्ये येते. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, बांधकाम थांबलं आणि अर्धवट इमारती वर्षानुवर्षं रिकाम्या उभ्या राहिल्या. रेड झोन म्हणजे काय, हे निगडी-तळवड्यात पानटपरीवालासुद्धा सांगेल. लोकांना विचारल्यामुळे प्रकल्प किती रखडतात याचा हिशेब मांडणाऱ्यांनी न विचारल्यामुळे किती रखडतात, तोही मांडावा.

तिसरा आक्षेप सगळ्यात अपमानास्पद आहे: अडाणी माणसांना नकाशा काय कळणार? याला उत्तर मुंबईच्या भायखळ्यातल्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी चाळीस वर्षांपूर्वीच दिलं आहे, आणि त्यांच्यात मुस्लिम बायका मोठ्या संख्येने होत्या. १९८५ मध्ये फुटपाथवरच्या झोपड्या हटवण्याबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्याच वर्षी 'स्पार्क' संस्थेने या बायकांना सोबत घेऊन फुटपाथवरच्या कुटुंबांची गणना केली आणि पुढच्या वर्षी 'महिला मिलन' उभं राहिलं. या बायकांनी कापड आणि बांबू वापरून खऱ्या मापाची घरं उभी केली, आत शिरून पाहिली आणि ठरवलं: खोली लहान असली तरी चालेल, पण उंची चौदा फूट हवी. म्हणजे आत पोटमाळा निघतो आणि कुटुंब वाढलं तरी मावतं. त्यांच्या हातात पदवी नव्हती. पण किती माणसं कुठे झोपतात, याचा हिशेब त्यांच्याइतका कोणत्या आर्किटेक्टकडे असणार?

आणि मुंबई लांब वाटत असेल तर येरवडा आहे. त्याच जेएनएनयूआरएममध्ये, पुणे महापालिकेच्या हद्दीत, नेताजीनगर, मदर तेरेसानगर अशा वस्त्यांमध्ये कच्ची घरं पाडून त्याच जागी सुमारे २७० चौरस फुटांची पक्की घरं बांधली गेली. तिथेही महिला मिलनच्या बायका होत्या, कापडाचं पूर्ण आकाराचं घर उभं करून दाखवलं गेलं, आणि ज्यांची जागा लहान होती त्यांनी शेजाऱ्यांशी बोलून एकत्र बांधायचं ठरवलं. खर्चाचा दहावा हिस्सा घरमालकाचा होता. गल्ली तीच राहिली, शेजारही तोच राहिला. म्हणजे हे आपल्या शेजारच्या शहरात होऊ शकतं. भोसरीत होणार नाही, हे कोणी ठरवलं?

आता थोडं आपल्या घरात बघू. वस्तीत फाइल येते तेव्हा ती पहिल्यांदा कोणाकडे जाते? चार वजनदार माणसांकडे. ते 'जमातीच्या वतीने' हो म्हणून मोकळे होतात. बैठकीत मशीद नकाशात कुठे आहे हे विचारणारे पन्नास असतात. विचारलंच पाहिजे. पण पाणी किती तास येणार, देखभालीचा निधी कोणाच्या खात्यात राहणार, हे विचारणारा एखादाच. आणि ज्या बायका त्या घरात सगळ्यात जास्त वेळ राहणार आहेत, त्या बैठकीला नसतातच. कुरआनात एका सूरहचं नावच शूरा आहे, म्हणजे मसलत. मसलतीवर आपण तकरिरी ऐकतो आणि वस्तीच्या भवितव्याचा निर्णय चौघांवर सोडून देतो. शिवाय ही मसलत फक्त आपल्यातली असूनही चालणार नाही. भिंतीला भिंत लावून कांबळे, साठे, पवार राहतात. समिती सगळ्या वस्तीची नसेल तर विकासक एकेका समाजाशी वेगळा सौदा करेल, आणि प्रत्येकाला वाटेल आपणच जिंकलो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामं, शेड, वर्कशॉप हजारोंच्या संख्येने जमीनदोस्त झाली. तीन महिन्यांनी, मे महिन्यात, शहराचा सुधारित विकास आराखडा हरकतींसाठी जाहीर झाला. आधी बुलडोझर, मग नकाशा. त्या काळात महापालिकेत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता, मार्च २०२२ पासून कारभार प्रशासकाच्या हाती होता. विचारणारं कोणी नसलं की क्रम असाच लागतो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सहीच्या आधी नकाशा, मराठीत आणि हिंदी-उर्दूत. मैदानावर चुन्याची फक्की मारून एका घराचं खरं माप, म्हणजे बायका-मुलं आत उभी राहून पाहतील. पात्रतेची यादी, म्हणजे परिशिष्ट-२, चौकात मोठ्याने वाचली जावी. शेखचं शैख आणि बीचं बेगम झालं की माणूस अपात्र ठरू शकतो. ते यादी अंतिम होण्याआधी कळलं पाहिजे, नंतर नव्हे. भाडेकरूंची वेगळी नोंद व्हावी, कारण पाडापाडीनंतर ते कोणाच्याच यादीत नसतात. आणि देखभालीच्या निधीचा हिशेब दरवर्षी नोटीस बोर्डवर.

हे करायला मोर्चाआधी माणसं लागतात, आणि ती माणसं आपण आहोत. आपल्यातले कित्येकजण ड्रॉइंग वाचतात, एक्सेल चालवतात, माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा मिनिटांत लिहू शकतात. कंपनीत ग्राहकाची गरज समजून घेतल्याशिवाय आपण एक ओळ लिहीत नाही. आपल्या अम्मीच्या, खालाच्या घराला तेवढीही किंमत नाही का? शनिवारी दोन तास काढा. वस्तीतल्या दहा घरांची कागदपत्रं तपासा, नावांची स्पेलिंग जुळवा, बायकांची वेगळी बैठक घ्या. फाइल घेऊन येणारा पहिल्यांदा आला की त्याला चहा जरूर पाजा. पण नकाशा टेबलावर उघडल्याशिवाय पेनाचं टोपण काढू नका.