रस्ता तुंबलेला, समुद्र मोकळा. तरी आपला माल ट्रकनेच का येतो?

मुंबई-गोवा महामार्गावर पेण ते नागोठणे या पट्ट्यात कधी ना कधी अडकला नाही, असा चाकरमानी शोधून सापडणार नाही. गणपतीला निघालेली एसटी, पुढे कंटेनर, मागे डंपर आणि मध्ये कुणाची तरी गाडी तापलेली. याच पट्ट्यात डोलवीला एक मोठा पोलाद कारखाना आहे. एवढा मोठा कारखाना म्हटल्यावर त्याला रोज किती खनिज आणि किती कोळसा लागत असेल, याचा विचार करा. तो सगळा माल याच रस्त्यावरून यायला लागला असता, तर काय झालं असतं?

तो या रस्त्यावरून येत नाही. मोठी जहाजं रत्नागिरी जिल्ह्यात जयगडला लागतात. तिथं माल छोट्या जहाजांत उतरवला जातो. ही छोटी जहाजं किनाऱ्याकिनाऱ्याने वर येतात, धरमतरच्या खाडीत शिरतात आणि थेट कारखान्याच्या जेट्टीला लागतात. अशा एका जहाजात साधारण ८ हजार टन माल मावतो. एका ट्रकमध्ये २५ टन धरले, तर ते झाले ३२० ट्रक. म्हणजे तुम्ही हायवेवर हॉर्न वाजवत बसलेले असता, तेव्हा पलीकडच्या खाडीतून ३२० ट्रकांचा माल गुपचूप निघून गेलेला असतो.

मग साहजिक प्रश्न पडतो. एका कारखान्याला जमतं, ते बाकीच्यांना का जमत नाही? आपल्याकडे किनारा काय कमी आहे? शाळेत आपण साडेसात हजार किलोमीटर शिकलो. नव्या मोजणीत खाड्या-वळणं नीट धरल्यावर तो ११ हजार किलोमीटरच्या वर गेला. तरीही देशातल्या एकूण मालवाहतुकीत किनारी जहाजांचा वाटा ६ टक्क्यांच्या आसपासच सांगितला जातो. युरोपात शेजारी देशांमधला कितीतरी माल अशा छोट्या सागरी फेऱ्यांनी जातो. आपल्याकडे मात्र माल म्हटलं की ट्रक.

स्वस्त आहे, पण कुणासाठी?

पाण्यावरून माल नेणं स्वस्त पडतं, यात वाद नाही. सरकारी कागदपत्रांत एक हिशोब कायम दिसतो. एक लिटर इंधनात एक टन माल रस्त्याने २४ किलोमीटर जातो, रेल्वेने ८५ आणि पाण्यातून १०५. (रेल्वेचा आकडा पुन्हा वाचा. रस्त्याच्या तुलनेत पाणी खूप पुढे आहे, रेल्वेच्या तुलनेत मात्र थोडंच. हे लक्षात असू द्या.)

गोम अशी आहे की हा हिशोब बंदरापासून बंदरापर्यंतचा आहे. आपला माल बंदरात तयार होत नाही आणि बंदरात विकलाही जात नाही.

मोरबीच्या टाइल्स घ्या. तुमच्या बाथरूममधली फरशी बहुधा तिथलीच असेल. मोरबीहून कोचीला टाइल्स पाठवायच्या, तर ट्रकचा मार्ग साधा आहे. कारखान्याच्या दारात भरला, जवळपास दोन हजार किलोमीटर धावला आणि दुकानदाराच्या गोदामाशी उतरवला. जहाजाने पाठवायच्या तर आधी कंटेनर ट्रेलरवर चढवून मुंद्रा किंवा कांडला बंदरात न्यायचा. तिथं यार्डात ठेवायचा, जहाजाची वाट बघायची, क्रेनने चढवायचा. कोचीला क्रेनने उतरवायचा, पुन्हा ट्रेलरवर टाकून गोदामापर्यंत न्यायचा. मधला समुद्राचा टप्पा स्वस्त असतो. पैसे आणि दिवस जातात ते दोन टोकांना. भाडं, हमाली, बंदराचे आकार, यार्डातला मुक्काम, सगळं दोनदा.

तरीही मोरबीच्या टाइल्स केरळला जहाजाने जातात, आणि बऱ्याच जातात. कारण टाइल्स जड असतात, नासत नाहीत, चार दिवस उशीर झाला तर चालतं आणि अंतर भरपूर आहे. दोन टोकांचा खर्च एवढ्या लांब अंतरात जिरून जातो. त्याच टाइल्स पुण्याला पाठवायच्या असतील, तर कुणी जहाजाचा विचारही करणार नाही.

आता हापूस घ्या. देवगडला संध्याकाळी पेट्या भरलेला टेम्पो सकाळपर्यंत वाशीच्या मार्केटला लागतो. बोट आठवड्यातून दोनदा असेल आणि एखादी फेरी चुकली, तर तो आंबा कोण घेणार? एके काळी कोकणातला माल आणि माणसं आगबोटीनेच मुंबईला येत. पण तेव्हा बोटीला पर्याय नव्हता.

शिवाय परतीच्या मालाचा प्रश्न असतोच. टाइल्स घेऊन दक्षिणेला गेलेलं जहाज परत येताना काय आणणार? रिकामे कंटेनर आणायचे, तर त्याचा खर्चही जातानाच्याच भाड्यात धरावा लागतो. ट्रकवाला दोन दिवस थांबतो, ट्रान्सपोर्ट नगरात ओळखी लावतो आणि कुठला ना कुठला परतीचा माल मिळवतो. जहाजाला तशी मुभा नसते. ते उभं राहिलं तरी मीटर चालूच.

आकडे वाढले, ट्रक कमी झाले का?

सरकार सांगतं की २०१४ मध्ये किनारी मालवाहतूक ७ कोटी ४० लाख टन होती, २०२४ मध्ये ती १६ कोटी २० लाख टनांवर गेली. २०३० पर्यंत २३ कोटी टनांचं उद्दिष्ट आहे. वाढ दुपटीहून जास्त आहे, मान्य. पण या जहाजांत असतं काय, ते बघा. मुख्यतः कोळसा, खनिज तेल आणि लोहखनिज. ओडिशातल्या तालचेरचा कोळसा रेल्वेने पारादीपला येतो. तिथून जहाजाने तमिळनाडूतल्या एन्नोर आणि तुतिकोरिनला जातो, कारण तिथली वीजकेंद्रं बंदराला लागूनच आहेत. ही व्यवस्था उत्तम आहे. पण हा कोळसा एरवी ट्रकने तमिळनाडूला गेला नसता, रेल्वेने गेला असता. त्यामुळे टन वाढले म्हणजे हायवेवरचे तितके ट्रक कमी झाले, असा अर्थ काढता येत नाही. बातम्यांत तो सर्रास काढला जातो.

रस्त्यावरचा माल खरोखर समुद्रात गेला, अशी उदाहरणं वेगळी आहेत. सौराष्ट्रातल्या कोडिनारजवळ मूळद्वारका इथं अंबुजा सिमेंटने १९९०च्या दशकात स्वतःचं बंदर उभारलं. सुटं सिमेंट जहाजात भरून ते सुरत, पनवेल अशा ठिकाणच्या स्वतःच्याच टर्मिनलवर उतरवायला सुरुवात केली. डोलवीचा कारखाना आणि हे सिमेंट यांच्यात एक साम्य आहे. दोन्हीकडे किमान एक टोक थेट पाण्यावर आहे, जहाज ठरलेलं आहे आणि माल एकाच मालकाचा आहे. मधल्या चार लोकांची मनधरणी करावी लागत नाही.

पण आपल्याकडचा बहुतेक माल असा नसतो. तो शंभर छोट्या व्यापाऱ्यांचा असतो, आणि त्यातला एकही जण एकट्याने जहाज भरू शकत नाही.

ट्रकच जहाजावर चढवला तर?

इथं एक मधला मार्ग निघतो. माल उतरवू नका, अख्खा ट्रकच जहाजावर चढवा. यालाच रो-रो म्हणतात. कोकणी माणसाला हे नवीन नाही. कोकण रेल्वेने जानेवारी १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा अशी ट्रक वाहून नेणारी गाडी सुरू केली. ट्रक रेल्वेच्या वाघिणीवर, ड्रायव्हर ट्रकच्या केबिनमध्ये. घाटातलं डिझेल वाचतं, टायर वाचतात आणि ड्रायव्हरला झोप मिळते. क्रेन नाही, हमाली नाही.

समुद्रावरचा असा सगळ्यात ठळक प्रयोग खंभातच्या आखातात झाला. भावनगरजवळचं घोघा आणि समोरचं दहेज यांच्यात समुद्रातून जेमतेम ३० किलोमीटर, पण रस्त्याने आखाताला वळसा घालायचा तर ३००च्या वर. ऑक्टोबर २०१७ मध्ये मोठ्या थाटात फेरी सुरू झाली. पण दहेजच्या बाजूला गाळ इतका साचायचा की जहाज धक्क्याला लागण्याइतकं पाणीच राहीना. तीन वर्षंही पूर्ण झाली नाहीत, तोवर फेरी बंद पडली.

मग नोव्हेंबर २०२० मध्ये दहेजऐवजी सुरतजवळच्या हजिऱ्याहून फेरी सुरू झाली. समुद्रातलं अंतर तिपटीने वाढलं, ९० किलोमीटर झालं. तरी रस्त्याच्या ३७० किलोमीटरपुढे ते परवडतं. दहा-बारा तासांचा प्रवास चार तासांवर आला. सुरुवातीला लावलेल्या जहाजात ३० ट्रक, १०० गाड्या आणि ५०० प्रवासी मावत होते.

यातून कळतं काय? जहाज विकत घेणं ही सोपी बाजू. गाळ दरवर्षी काढावा लागतो आणि त्याला दरवर्षी पैसे लागतात. उद्घाटनाच्या फलकावर मात्र ड्रेजिंगचं नाव कधी नसतं. महाराष्ट्रातली बहुतेक जुनी बंदरं खाड्यांच्या तोंडाशी आहेत. त्यामुळे उद्या कुणी त्यातल्या एखाद्या ठिकाणी ट्रकची रो-रो जाहीर केली, तर पहिला प्रश्न तिकिटाचा विचारू नका, गाळाचा विचारा.

दुसरा प्रश्न पावसाचा. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात, हे अलिबागकरांना सांगायला नको. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी मोठी रो-रो पावसातही चालते, कारण ती मुंबईच्या आडोशाच्या पाण्यात आहे. उघड्या समुद्रात उतरलं की गोष्ट वेगळी. जुलै २०२४ मध्ये अलिबागजवळ एक मालवाहू बार्ज खराब हवामानात भरकटलं आणि त्यावरच्या १४ जणांना तटरक्षक दलाने हेलिकॉप्टरने उचललं. वर्षातले तीन महिने वेळापत्रक हवामानाच्या भरवशावर असेल, तर व्यापारी बाकीचे नऊ महिनेही ट्रकवाल्याशी संबंध तोडत नाही.

नव्या कायद्याने काय बदललं?

ऑगस्ट २०२५ मध्ये किनारी नौवहनाचा स्वतंत्र कायदा झाला. तोवर हा विषय १९५८च्या मर्चंट शिपिंग कायद्यातल्या एका भागावर चालत होता. नव्या कायद्याने भारतीय जहाजांना किनारी व्यापारासाठी लागणारा सर्वसाधारण परवाना काढून टाकला. परदेशी जहाजांना परवाना लागेल. आणि देशाचा किनारी व अंतर्गत जलवाहतुकीचा आराखडा दोन वर्षांत तयार करायचा आहे.

परवाना गेला, चांगलंच झालं. सवलतीही नव्या नाहीत. मोठ्या सरकारी बंदरांत किनारी जहाजांना परदेशी जाणाऱ्या जहाजांपेक्षा ४० टक्के कमी आकार लावण्याचं धोरण जुनं आहे. जहाजांच्या फर्नेस ऑइलवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला. तरी ट्रकमधला माल जहाजाकडे वळलेला नाही. माझ्या मते याचं कारण हे आहे की सवलत मिळते जहाजाला, आणि निर्णय घेतो माल पाठवणारा किंवा ट्रकमालक. जहाजाचे बंदर-आकार कमी झाले, हे मोरबीच्या व्यापाऱ्याला दिसतही नाही.

युरोप याच दगडाला ठेचकाळला आहे. रस्त्यावरचा माल रेल्वे आणि समुद्राकडे वळवायला युरोपियन युनियनने २००३ पासून दहा वर्षं मार्को पोलो नावाच्या योजनेत पैसा ओतला. २०१३ मध्ये त्यांच्याच लेखापरीक्षकांनी योजना परिणामकारक ठरली नसल्याचं सांगितलं. इटलीने दुसरी वाट धरली. २००७ पासून ‘इकोबोनस’मधून त्यांनी थेट ट्रकवाल्याला पैसे दिले, आपला ट्रक जहाजावर चढवल्याबद्दल. म्हणजे ट्रकवाल्याला जहाजाचा शत्रू न मानता गिऱ्हाईक मानलं. आपल्याकडे दोन-चार ट्रकवर संसार चालवणारे मालक लाखोंनी आहेत. त्यांना बाजूला सारून कुठलीही किनारी योजना चालेल, असं वाटत नाही.

आणि किनाऱ्यावरच्यांचं काय?

या चर्चेत समुद्र ‘मोकळा’ असल्याचं गृहीत धरलं जातं. तो मोकळा नाही. तिथं मच्छीमार आहेत. २५ मे २०२५ रोजी विळिंजमहून कोचीला निघालेलं ‘एमएससी एल्सा ३’ हे लायबेरियाच्या झेंड्याखालचं जहाज केरळजवळ बुडालं. त्यावर ६००हून जास्त कंटेनर होते, काहींत घातक रसायनं होती. माणसं वाचली. पण कंटेनर किनाऱ्याला लागले, प्लास्टिकचे बारीक दाणे वाळूत पसरले आणि केरळ सरकारला राज्य आपत्ती जाहीर करावी लागली. ही फेरी होती भारतातल्याच एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणारी. २०१८ मध्ये नियम सैल करून आयात-निर्यातीच्या कंटेनरसाठी परदेशी जहाजांना अशा फेऱ्यांची मुभा दिली गेली, ती माल वाढावा म्हणूनच.

पालघरला वाढवण बंदराचा वाद आपल्या डोळ्यांसमोर आहे. ७६ हजार कोटींच्या या प्रकल्पाला जून २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली आणि तिथले मच्छीमार अजूनही विचारताहेत की आमची जाळी कुठं टाकायची. किनाऱ्यालगत जहाजांच्या फेऱ्या दुप्पट करायच्या, तर त्यांचे मार्ग ठरतील ते याच मासेमारीच्या पाण्यातून. नव्या आराखड्याच्या समितीत राज्यांना जागा आहे. तिथं महाराष्ट्राच्या बाजूने गाळाचं बजेट आणि मच्छीमारांचे नकाशे कोण घेऊन जाणार, हे अजून ठरायचं आहे.