आधी मीटर दाखवा

कोकणीत ढगाला कूप म्हणतात. मे महिना सरत आला की आमच्याकडची म्हातारी माणसे पश्चिमेकडे डोळे लावून बसतात, कूप भरून आले की नाही ते बघत. संगणकवाल्यांनी मात्र ढगाचा इंग्रजी शब्द उचलून भलत्याच वस्तूला चिकटवला. फोटो कुठे आहेत? क्लाऊडवर. बँकेचा हिशेब? क्लाऊडवर. विचारले की निबंध लिहून देणारी ती कृत्रिम बुद्धिमत्ता? तीही क्लाऊडवरच. ऐकणाऱ्याला वाटावे, हे सगळे वर कुठेतरी तरंगते आहे आणि जमिनीशी त्याचे काही देणेघेणे नाही.

हे नाव साफ खोटे आहे. हा ढग जमिनीवर असतो. त्याचे खरे नाव डेटा सेंटर. त्याला एकरांनी जागा लागते, उच्च दाबाची वीजवाहिनी लागते, वीज गेली तर डिझेलचे जनरेटर लागतात आणि पाणी लागते. आत हजारो चिप रात्रंदिवस आकडेमोड करतात आणि तापतात. त्यांना थंड ठेवण्यासाठी बऱ्याच ठिकाणी पाण्याची वाफ करून ती हवेत सोडतात. आपण घरात वापरलेले पाणी निदान गटारातून का होईना, नदीकडे परत जाते. वाफ होऊन उडालेले पाणी त्या नदीला परत मिळेल याची खात्री नाही. पाणी देतो तो ढग. पाणी पितो त्याला ढग म्हणायचे कशासाठी?

आता लगेच कुणीतरी म्हणेल, हा माणूस यंत्राचा वैरी दिसतो. मुळीच नाही. हा मजकूरसुद्धा कुठल्या तरी डेटा सेंटरमधूनच तुमच्यापर्यंत पोचला आहे, हे मला कळते. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला यंत्राने मराठीत उत्तर दिले तर मला आनंदच होतो. माझे भांडण यंत्राशी नाही, कुलूपबंद हिशेबवहीशी आहे.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात कोलंबिया नदीकाठी द डॅल्स नावाचे छोटे शहर आहे. वस्ती जेमतेम सोळा हजारांच्या घरात, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. गूगलने तिथे २००६ साली डेटा सेंटर सुरू केले. २०२१ मध्ये ‘द ओरेगोनियन’ या वृत्तपत्राने नगरपालिकेला साधा प्रश्न विचारला, गूगल किती पाणी वापरते? नगरपालिकेने उत्तर दिले नाही. उलट माहिती द्यावी लागू नये म्हणून वृत्तपत्रालाच कोर्टात खेचले. म्हणे हे व्यापारी गुपित आहे! खटल्याचा खर्च उचलला गूगलने. २०२२ च्या अखेरीस तडजोड झाली आणि आकडे बाहेर आले. शहराच्या एकूण पाण्यापैकी पावहून अधिक पाणी एकटी कंपनी वापरत होती आणि पाच वर्षांत तिचा वापर जवळजवळ तिप्पट झाला होता.

ही गोष्ट इथे संपत नाही. पुढे गूगलने आपल्या अमेरिकेतील केंद्रांचे पाण्याचे आकडे स्वतःच प्रसिद्ध करायला सुरुवात केली. कंपनी बुडाली का? आकाश कोसळले का? नाही. मग जे गुपित उघडे पडल्यावर कुणाचेच काही बिघडले नाही, ते नागरिकांपासून लपवायला त्यांचीच नगरपालिका कोर्टात का गेली?

याच्या उलट आयर्लंड बघा. तिथले सरकारी सांख्यिकी खाते डेटा सेंटरच्या विजेचा आकडा दरवर्षी छापते. २०१५ साली देशाच्या मोजलेल्या विजेपैकी ५ टक्के वीज या केंद्रांना जात होती. २०२३ मध्ये ती २१ टक्के झाली, म्हणजे देशातल्या सगळ्या शहरी घरांना मिळून लागते त्याहून जास्त. आकडा समोर होता म्हणून वाद झाला, आणि डब्लिन परिसरात नव्या केंद्रांना जोडणी देताना ग्रिडने हात आखडला. निर्णय बरोबर की चूक यावर तिथेही मतभेद आहेत. पण भांडायला आधी आकडा तर हवा!

आपल्याकडे काय चालले आहे? २०२२ च्या अर्थसंकल्पात डेटा सेंटरला पायाभूत सुविधेचा दर्जा मिळाला. महाराष्ट्राने २०२३ च्या धोरणात मुद्रांक शुल्क आणि वीज शुल्कात सवलती देऊ केल्या. देशातली सुमारे निम्मी क्षमता मुंबई आणि नवी मुंबईत एकवटली आहे. ऐरोली, महापे भागातून जाताना त्या बिनखिडक्यांच्या भिंती दिसतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने विशाखापट्टणमसाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर जाहीर केले. क्षमता गिगावॅटच्या भाषेत सांगितली जाते. एक गिगावॅट म्हणजे १००० मेगावॅट. २०२४ पर्यंत अख्ख्या गोव्याची घरे, हॉटेले आणि कारखाने मिळूनही विजेची मागणी त्याच्या आतच होती. डॉलर किती ते पहिल्या पानावर येते. पाणी किती, कुठल्या धरणाचे, उन्हाळ्यात काय करणार, हे कितव्या पानावर येते?

असे आकडे पाहून उद्या आपल्याकडेही कुणाच्या तोंडाला पाणी सुटेल. म्हणून गोंयकारांना दोन जुन्या गोष्टींची आठवण करून देतो. सेझसाठी जमिनी आधी दिल्या गेल्या आणि प्रश्न मागाहून विचारले गेले. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे २००७ च्या शेवटच्या दिवशी सेझ रद्द केल्याची घोषणा झाली. खाणींचेही तेच. बार्जेस भरभरून खनिज परदेशी गेले, धूळ डिचोली, सत्तरी, सांग्यात राहिली. किती गेले आणि कायद्याने किती जायला हवे होते, याचा हिशेब मांडायला शहा आयोग यावा लागला आणि २०१२ साली खाणी थांबल्या. वेळेवर कुणी वही उघडून दाखवली असती तर खाणीवर पोट असलेल्या ट्रकमालकांवर आणि कामगारांवर एका रात्रीत आभाळ कोसळले नसते.

यावर दोन उत्तरे तयार असतात. पहिले, एका प्रश्नाला पाणी लागते ते केवढे! गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले की जेमिनीला मजकुरातून विचारलेल्या सर्वसाधारण प्रश्नामागे ०.२६ मिलिलीटर, म्हणजे पाचेक थेंब पाणी खर्च होते. खरे असेलही. पण थेंब सगळ्या जगाचे आणि विहीर एकाच गावाची! बार्देश, पेडण्यात मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला थेंबाचा हिशेब नको आहे. तिच्या नळाच्या पाण्यातून एप्रिल-मेमध्ये किती जाणार, ते तिला हवे आहे.

दुसरे उत्तर असे की पाणी जवळपास न लागणारी शीतयंत्रणाही आता आली आहे. आली आहे, पण पाणी वाचवायला बहुधा वीज जास्त जाळावी लागते. गोव्यात स्वतःची वीज जवळजवळ तयार होत नाही. ती बाहेरून येते, त्यात कोळशाचा वाटा मोठा. २०२० साली मोलेच्या जंगलासाठी तरुण पोरे उभी राहिली, त्या वादात तमनारची वीजवाहिनीही होती. विजेची भूक वाढली की नवी तार कुठल्या रानातून जाते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

राहिला रोजगार. बांधकामाच्या काळात माणसे लागतात हे खरे. ते संपले की अवाढव्य इमारतीत काम करणारी माणसे मोजकीच असतात.

युरोपीय संघात ५०० किलोवॅटच्या वरच्या डेटा सेंटरला आपली वीज आणि पाणी यांची माहिती २०२४ पासून सरकारला कळवावी लागते. आपण त्याच्या एक पाऊल पुढे जाऊ. जमीन आणि सवलत देण्यापूर्वीच अट घाला: पाणी कोणत्या स्रोताचे, वीज कुठून, आणि दोन्हींचे दर महिन्याचे मीटर वाचन पंचायतीच्या फलकावर. गुपिताचे कलम करारात असेल तर सवलत नाही. जनतेचे पाणी वापरणाऱ्याला जनतेपासून गुपित ठेवण्याचा हक्क कसला?

हे काही नवे नाही. आमच्या खाजनातल्या मानशीवरच्या मासळीची पावणी गावासमोर होत असे. कुणी घेतली, कितीला घेतली, सगळ्यांना ठाऊक. आपल्या वाडवडिलांना डेटा म्हणजे काय हे माहीत नव्हते, पण पाण्याचा हिशेब चारचौघांत मांडायचा असतो एवढे नक्की माहीत होते.

असो. रविवारी ग्रामसभा असते. हा प्रस्ताव तुमच्या गावात येईल तेव्हा येईल, पण ना हरकत दाखल्याच्या आधी मीटर दाखवा, असा ठराव आजही घेता येतो. जमीन दिल्यावर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे फक्त कोर्टात मिळतात.