काच धुरकटली म्हणून विमान टाकायचं?

परवा दिवेआगरला घरी एक छोटंसं युद्ध झालं. एका बाजूला भावोजी, दुसऱ्या बाजूला मी, आणि मधे पडवीतल्या टेबलावर वीतभर लांबीचं एक मिग-२१! तिथे जावयाचा मान आडवा आला, फार बोलता आलं नाही. म्हणून इथे बोलतो. भावोजी, वाचाल तर रागावू नका. रागावलात तरी मुद्दा सोडणार नाही.

तर झालं असं. माझ्या भाच्यानं अख्खी सुट्टी खर्चून १:७२ मापाचं मॉडेल जोडलं. रंग, चिन्हं, चाकं, सगळं स्वतः. मिग-२१च का? आमचे काका ओझरला एचएएलमध्ये होते. ही विमानं तिथे बनायची. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला, तेव्हा काका टीव्हीसमोर नुसते बसून होते. चहा गार झाला तरी कप उचलला नाही. हे पोरानं पाहिलं होतं. मॉडेल त्यांच्यासाठीच होतं.

शेवटी राहिली कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच. बोटाच्या पेराएवढी. पठ्ठ्यानं घाईत ती सुपरग्लूनं चिकटवली आणि झोपला. सकाळी बघतो तर काच आतून पांढरीफटक. थंडीत श्वास सोडावा तशी.

भावोजी म्हणाले, "टाक ते. धातूचं तयार मिळतं, याच्यापेक्षा भारी. मागवतो."

प्रेमानंच म्हणाले, मान्य. पण पोरगा खरंच मॉडेल उचलून केराच्या बादलीकडे निघाला, आणि माझं डोकं फिरलं.

आधी त्या काचेला झालं काय ते सांगतो. सुपरग्लू सुकताना त्याच्या वाफा निघतात. बंद कॉकपिटमधे त्या कोंडतात, हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडली की पांढरी पूड होऊन काचेवर बसतात. दिवेआगरला ओलाव्याला काय तोटा? आमच्याकडे मिठाच्या बरणीला बारा महिने पाझर! म्हणजे काच मेली नव्हती, तिच्यावर थर बसला होता. एवढं समजून घ्यायला पाच मिनिटं लागतात. "टाक ते" म्हणायला एक सेकंद. सगळा घोळ इथेच आहे.

मग आम्ही काय केलं? मॉडेल पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमधे ठेवलं, आमरसाच्या डब्याशेजारी. गारठ्यानं सुपरग्लू ठिसूळ होतो. सकाळी पातेरीच्या टोकानं हलकेच उचकटल्यावर काच टक्कन सुटली. (आईनं आमरस आणि विमान दोन्ही सुखरूप असल्याची खात्री करून घेतली.) मग बोर्लीच्या गॅरेजमधून दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर आणि गाडीचं रबिंग कंपाउंड आणलं. पेपर पाण्यात बुडवून, अगदी हलक्या हातानं, आतून बाहेरून. पहिल्या अर्ध्या तासात काच होती त्यापेक्षा वाईट दिसते. इथेच लोक हार मानतात! मग कंपाउंड, मग साधी पांढरी टूथपेस्ट, सुती फडक्यानं. चौथ्या संध्याकाळी आतली खुर्ची दिसायला लागली. आणि या वेळी काच लावली ती साध्या पांढऱ्या फेव्हिकॉलनं. वाफ नाही, सुकल्यावर दिसत नाही, जास्त लागला तर ओल्या बोटानं पुसून टाका. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र चुकूनही लावू नका, त्यानं हे प्लास्टिकच विरघळतं.

"चार संध्याकाळी? एका खेळण्यासाठी?" हा भावोजींचा प्रश्न, आणि तो चुकीचा नाही. काही काचा खरंच वाचत नाहीत. मधोमध तडा गेला तर कितीही घासा, तो जात नाही. तेव्हा नवी काच मिळवा, हरकत नाही. पण आधी बघा तरी! न बघता टाकायचं, हे पोरगा आज विमानाकडून शिकला तर उद्या गणिताच्या पेपरला आणि परवा मैत्रीला लावेल. निसर्ग वादळात, ३ जून २०२०ला, आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, तेव्हा "टाका ती वाडी" कोणी म्हणालं नाही. उत्पन्नाला कित्येक वर्षं लागणार हे माहीत असूनही सगळ्यांनी रोपं लावलीच की.

आणि एक गंमत. खऱ्या विमानांच्या कॅनोप्या ॲक्रिलिकच्या असायच्या. दुसऱ्या महायुद्धात त्या फुटून ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत कपचे गेले. हॅरोल्ड रिडली नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की डोळा या कपच्यांना त्रास न घेता सामावून घेतो. त्यावरून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ला लंडनमधे पहिलं कृत्रिम भिंग डोळ्यात बसवलं. आज मोतीबिंदूनंतर भिंग बसतं ते तिथून सुरू झालं. आमच्या आईच्या डोळ्यातही तसंच एक आहे. हे तिला सांगितल्यावर ती भावोजींकडे बघून एवढंच म्हणाली, "माझीपण काच धुरकटलीच होती हो."

भावोजी हसले. युद्ध तिथे संपलं.

पण एक कबुली द्यायची राहिली. दुसऱ्या रात्री पोरगा झोपल्यावर मी गुपचूप ती काच घासायला घेतली होती. म्हटलं, सकाळी चकचकीत बघून खूष होईल. दोन मिनिटांनी ठेवून दिली. मी घासली असती तर भावोजींच्या तयार विमानात आणि माझ्या या विमानात फरक काय राहिला असता? दोन्ही मोठ्यांनी आणून दिलेलीच!

काचेवर डाव्या बाजूला एक बारीक ओरखडा राहिलाय. भाचा म्हणतो, राहू दे. काकांना देताना तो आधी ओरखडा दाखवणार आहे, मग विमान.

असो. बरंच लांबलं. भावोजी, पुढच्या वेळी याल तेव्हा पॉलिश पेपर घेऊन या. अजून एक किट आणलंय.