खेळवेडा वेगळा, खेळात अडकलेला वेगळा

आसनगावहून सकाळची लोकल धरणाऱ्या गर्दीत चाळिशीतला एखादा गृहस्थ तरी असा असतोच. कानात इअरफोन, समोर मोबाईल आणि मोबाईलवर ॲनिमेशनची मालिका. शेजारचा डोकावतो आणि मनात म्हणतो, 'एवढा बाप्या माणूस आणि कार्टून बघतोय!' त्या गृहस्थाला त्याचे काही वाटत नाही. पडद्यावरची पात्रे त्याच्या ओळखीची असतात. त्यांच्याशी तो आधी खेळात भेटलेला असतो.

या पिढीचे खेळवेड समजण्यासारखे आहे. शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत कल्याणच्या मामाकडे टीव्हीला जोडायचा गेमचा डबा पहिल्यांदा पाहिला. कॅसेट चालली नाही की तोंडाने फुंकर मारून पुन्हा बसवायची, हे शास्त्र तिथेच शिकायला मिळाले. (फुंकरीतली वाफ आतल्या पट्ट्यांना उलट गंज आणते, हे कळायला फार वर्षे गेली.) १९८५ सालचा मारिओ आणि त्यामागून आलेला काँट्रा भारतातल्या घराघरांत पोहोचले ते नव्वदच्या दशकात. २००३ मध्ये पोकेमॉन आपल्याकडे टीव्हीवर दिसू लागला. मुळात १९९६ साली जपानमध्ये आलेला तो खेळ. त्यावरून १९९७ मध्ये मालिका निघाली. मग २०१८ मध्ये पबजी मोबाईलवर आला आणि खेळ घरातल्या टीव्हीवरून खिशात गेला. आता या चाहत्याला मालिका आवडते ती 'आर्केन'. 'लीग ऑफ लेजंड्स' या खेळावरून २०२१ मध्ये आलेल्या या मालिकेने २०२२ मध्ये ॲनिमेशनचा एमी पुरस्कार मिळवला.

शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला 'आर्केन' समजावून सांगावी लागत नाही. तिच्यात दोन वस्त्या आहेत. वर श्रीमंत, झगमगते शहर आणि खाली त्याच शहराचा धूर आणि घाण सोसणारी वस्ती. तानसा, भातसा, वैतरणेचे पाणी मुंबईला जाते आणि एप्रिल-मे महिन्यांत धरणाच्या शेजारच्याच पाड्यावर बायका टँकरची वाट पाहतात. हे पाहत मोठा झालेला पोरगा ती मालिका पाहताना कुठे हळवा होईल, हे सांगायला समीक्षक नको. तिच्यातली धाकटी बहीण लहानपणी आपल्या हातून घडलेल्या अपघाताने आतून मोडते. गेलेली माणसे तिला दिसत राहतात, त्यांचे आवाज ऐकू येतात. मनावरचा घाव आयुष्यभर कसा ठसठसतो, हे एवढ्या नेमकेपणाने दाखवणाऱ्या कलाकृती थोड्या आहेत. हिंसा बरीच असल्याने ती लहान मुलांसाठी नाही. मोठ्यांनी मात्र ती पाहण्यात लाज वाटण्याचे काही कारण नाही.

पण याच चाहत्याच्या घरातला तेरा वर्षांचा मुलगा जेव्हा ओपीडीत आणला जातो, तेव्हा चित्र बदलते. केसपेपरवर तक्रार असते डोकेदुखीची. वर्गात झोप लागते, भूक मेली आहे, चिडचिड वाढली आहे. आई म्हणते, "डॉक्टर, याचा मोबाईल तेवढा सोडवा." मुलगा मान खाली घालून बसतो. बाप गप्प असतो. आपले वेड मुलाला लागले, या अपराधी भावनेने. इथे दोन गोष्टींची गल्लत होते आणि या गल्लतीचा त्रास मुलाला होतो. खेळावर प्रेम असणे हा आजार नव्हे. खेळात अडकणे हा आजार असू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये 'गेमिंग डिसऑर्डर'ला आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्थान दिले. १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झाले. या निदानासाठी किती तास खेळले, हा आकडा ठरवलेला नाही. तीन गोष्टी पाहायच्या असतात. एक, थांबायचे ठरवूनही थांबता येत नाही. दोन, जेवण, झोप, शाळा, मित्र, काम या सगळ्यांच्या आधी खेळ येतो. तीन, नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहते, किंवा वाढते. हे सारे साधारण बारा महिने चाललेले हवे आणि त्याने घर, शिक्षण किंवा नोकरीची घडी खरोखर विस्कटलेली हवी. खेळणाऱ्यांपैकी थोड्यांनाच हा आजार होतो, असे संघटनाही सांगते. लोकलमधला तो गृहस्थ कल्याण आले की मोबाईल खिशात टाकतो आणि उतरतो. त्याला निदानाची गरज नाही.

खेळांतून काही मिळते का? मिळते. वेगवान खेळ खेळणाऱ्यांची नजरेने टिपण्याची आणि लक्ष विभागण्याची क्षमता अधिक असते, असे २००३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवले. २००७ मध्ये अमेरिकेत ३३ शल्यचिकित्सकांचा अभ्यास झाला. आठवड्याला तीन तासांहून अधिक व्हिडिओ गेम खेळलेल्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका केल्या आणि २७ टक्के जलद काम केले. अर्थात हा अभ्यास लहान होता. खेळल्यामुळे हात सफाईदार झाले, की सफाईदार हातांचेच लोक खेळाकडे वळले, हे त्यातून ठरत नाही. त्यामुळे 'गेम खेळ, सर्जन होशील' असे कुणी मुलाला सांगू नये. पण 'गेमने मेंदू सडतो' हे वाक्यही तितकेच बिनबुडाचे आहे.

मग मुले अडकतात कशाने? १९९८ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन केले आणि खेळताना डोपामीन हे रसायन स्रवते, हे दाखवून दिले. डोपामीनचा संबंध मिळालेल्या सुखापेक्षा 'आता मिळेल' या आशेशी जास्त आहे. जुन्या काँट्राला शेवट होता. शेवटचा राक्षस मेला की खेळ संपला, पोरे नदीवर पोहायला मोकळी. आजच्या मोबाईलवरच्या बहुतेक खेळांना शेवट ठेवलेलाच नाही. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली, पेटी उघडली तर कदाचित दुर्मीळ वस्तू. या 'कदाचित'वर माणूस अडकतो. मटका लावणाराही त्यावरच अडकतो. खेळाच्या गोष्टीवर, पात्रांवर, चित्रांवर जीव टाकणारा चाहता त्यातून बहुधा सुटतो. ज्याला गोष्ट आठवतच नाही, फक्त पुढची पेटी हवी असते, त्याच्याकडे लक्ष द्यायला हवे. म्हणून ओपीडीत पहिला प्रश्न 'किती तास खेळतोस?' असा नसावा. 'काय खेळतोस रे? त्यात काय होते?' असा असावा. मान वर करून, हात हलवत दहा मिनिटे सांगणारा मुलगा आणि खांदे उडवून गप्प बसणारा मुलगा, यांत फरक असतो. तेवढ्याने निदान होत नाही, पण पुढे काय विचारायचे ते कळते.

ग्रामीण भागाचा एक वेगळा पेच आहे. अनेक घरांत मोबाईल एकच असतो, तोही वडिलांचा. वडील कामावरून येतात, जेवतात, फोन करून घेतात. मोबाईल पोराच्या हाती पडतो तो रात्री दहानंतर. दोनच तास खेळतो, पण ते दोन तास झोपेतून कापलेले असतात. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. बारापर्यंत खेळून साडेपाचला उठून एसटी पकडणाऱ्या मुलाची झोप साडेपाच तासांची होते. डोकेदुखी, चिडचिड, वर्गात डुलक्या, घसरलेले गुण ही सारी कमी झोपेचीही लक्षणे आहेत. इथे खेळ बंद करण्याआधी खेळाची वेळ बदलून पाहावी. शाळेतून आल्यावर तासभर, उजेडात, घरच्यांसमोर खेळू द्यावे आणि रात्री मोबाईल मुलाच्या अंथरुणापासून लांब चार्जिंगला लावावा. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला, तर आजार खेळाचा नव्हता, झोपेचा होता.

हातातून मोबाईल हिसकावणे हा उपाय सर्वांत जास्त केला जातो आणि सर्वांत कमी चालतो. गटाने खेळायच्या लढाईच्या खेळाची एक फेरी वीस-तीस मिनिटे चालते. मध्येच सोडली तर सोबतचे हरतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत ऐकून घ्यावे लागते. 'ही मॅच संपली की बंद' असे सांगून तेवढे थांबले, तर भांडण टळते आणि दिलेला शब्द पाळायची सवयही लागते. सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी घातली. त्या बंदीची कारणे देशाच्या सुरक्षेची होती. मुले दुसऱ्या खेळांकडे वळली.

पैशांचे खेळ ही मात्र वेगळी बाब. तिथे मूल किंवा तरुण चाहता नसतो, गिऱ्हाईक असतो. हरलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा लावायचे, उसने घ्यायचे, घरातून चोरायचे, आणि शेवटी जिवाचे काहीतरी करून घ्यायचा विचार. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात शिक्षा आहे ती असे खेळ चालवणाऱ्यांना. खेळून फसलेल्याला नाही. म्हणून कायद्याच्या भीतीने कुणी गप्प राहू नये. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. पैसे बुडाले हे सांगायला बापापेक्षा अनोळखी आवाज सोपा जातो.

आणखी एक सावधगिरी. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉनचा एक भाग दाखवला गेला. त्यात लाल-निळा प्रकाश सेकंदाला बारा वेळा लुकलुकला आणि सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. काहींना खरोखर झटके आले होते. लुकलुकत्या प्रकाशाने झटका येणे अपस्माराच्या शंभर रुग्णांपैकी साधारण तिघांत आढळते. घरात मुलाला फिट येत असेल, तर अंधारात पांघरुणाखाली मोबाईल नको. दिवा लावून, थोडे अंतर ठेवून पाहावे आणि औषध चुकवू नये. झटका आलाच तर चप्पल किंवा कांदा हुंगवू नये, तोंडात काही घालू नये. कुशीवर वळवावे, आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर गाडी काढावी.

राहिला त्या बाप-लेकाचा प्रश्न. पोकेमॉन ज्यांच्या डोक्यातून निघाला ते सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदा गावात किडे गोळा करत हिंडायचे. पुढे तिथली तळी बुजली, शेतांवर इमारती आल्या. किडे शोधण्याचा तो आनंद पुढच्या मुलांना मिळावा, म्हणून त्यांनी खेळ रचला. 'झेल्डा'चे कर्ते शिगेरू मियामोतो लहानपणी क्योतोजवळच्या सोनोबेच्या रानात एका गुहेत कंदील घेऊन शिरले होते. त्या खेळातल्या गुहा तिथून आल्या. शहापूर आणि मुरबाडमध्ये अजून रान आहे. माहुलीच्या पायथ्याला, सिद्धगडाच्या वाटेवर पावसाच्या तोंडाशी झाडे काजव्यांनी पेटतात. महामार्गालगत शेतांचे प्लॉट पडत आहेत आणि माचिदाची गोष्ट इथेही सुरू झाली आहे. पण अजून वेळ आहे. उघड्यावर, दिवसाच्या उजेडात रोज दोनेक तास घालवणाऱ्या मुलांत चष्म्याचे प्रमाण कमी राहते, हेही आता चांगले सिद्ध झाले आहे.

चाहत्या बापाला इथे मोठी सोय आहे. मुलाची भाषा त्याला येते. पिकाचू पाहताना ताजिरींच्या किड्यांची गोष्ट तो सांगू शकतो आणि रविवारी त्याच मुलाला घेऊन ओढ्याकाठी जाऊ शकतो. मोबाईल घरी चार्जिंगला राहील. परत आल्यावर अर्धा तास दोघांनी मिळून खेळायलाही हरकत नाही.